क्रीटच्या शेतकऱ्याचं ताट

दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती. ग्रीसच्या दक्षिणेचं क्रीट हे मोठं बेट जर्मन ताब्यातून सुटलं होतं, पण कितीतरी गावं जळालेली होती आणि लोकांच्या हाती पैसा नव्हता. या बेटाची घडी पुन्हा कशी बसवावी हे ठरवण्यासाठी ग्रीक सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने तिथे पाहणी केली. १९४८ मध्ये लेलंड ऑल्बॉ यांचं पथक घरोघर गेलं. कोण काय खातं, किती खातं, याची त्यांनी तपशिलाने नोंद केली. इतक्या गरिबीत कुपोषण दिसेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात थोड्या त्रुटी सोडल्या तर लोकांचं खाणं त्यांच्या गरजेला चांगलंच पुरं पडत होतं. धान्याचा जाडाभरडा पाव, कडधान्यं, रानभाज्या, फळं, ऑलिव्ह, आणि सगळ्यावर सढळ हाताने ओतलेलं ऑलिव्हचं तेल. मांस आणि मासे बेताचेच. ते खाणाऱ्यांना मात्र या खाण्याचं कौतुक नव्हतं. तुमच्या जेवणात काय वाढायला हवं असं विचारल्यावर बहुतेक कुटुंबांनी मांसाचं नाव घेतलं.

हा तपशील मुद्दाम सुरुवातीला सांगतो आहे, कारण आज ‘ग्रीक आहार’ किंवा ‘मेडिटेरेनियन डाएट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मॉलमधली हिरवी बाटली, परदेशी चीज आणि महागडी सॅलडं येतात. मुळात हे हाती पैसा नसलेल्या माणसांचं जेवण होतं. त्यातली ताकद कुठल्या एका महाग जिनसात नाही. ती आहे रोजच्या ताटातल्या वाटणीत: काय किती, आणि किती वेळा. हे एकदा लक्षात आलं की पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत राहूनही त्यातलं बरंचसं घेता येतं, आणि महिन्याचा किराणा फारसा वाढत नाही.

आधी पुरावा काय आहे ते पाहू, कारण आहाराच्या बाबतीत सांगोवांगी फार चालते.

अमेरिकन शास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांत एक मोठा अभ्यास सुरू केला. अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान इथले ४० ते ५९ वयाचे १२,७६३ पुरुष त्यात होते. ग्रीसमधून क्रीट आणि कॉर्फू ही दोन बेटं घेतली होती. हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत कमी क्रीटमध्ये आढळले, आणि पूर्व फिनलंडमध्ये सर्वांत जास्त. गंमत अशी की दोन्हीकडच्या आहारात स्निग्ध पदार्थांतून मिळणारी ऊर्जा जवळपास सारखीच होती, साधारण ४० टक्के. फिनलंडमध्ये ती लोणी आणि साईच्या दुधातून येत होती, क्रीटमध्ये ऑलिव्ह तेलातून. ‘तेल-तूप कमी करा’ या एका वाक्यात आहाराचा सल्ला संपत नाही, हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

अशा पाहणीवर एक रास्त आक्षेप असतो. क्रीटचा शेतकरी दिवसभर डोंगरउतारावर राबत होता. त्याचं हृदय खाण्यामुळे निरोगी राहिलं की चालण्यामुळे, हे नुसत्या निरीक्षणातून कळत नाही. म्हणून पुढे झालेल्या चाचण्या महत्त्वाच्या. फ्रान्समधल्या लियाँ शहरात, हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला क्रीटच्या धर्तीचा आहार दिला, दुसऱ्याला नेहमीचा वैद्यकीय सल्ला. क्रीटच्या धर्तीवर जेवणाऱ्यांमध्ये पुन्हा झटका येण्याचं आणि हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. चाचणी लहान होती, त्यामुळे त्या आकड्याला शब्दशः धरू नये. पण दिशा तीच राहिली. स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ या ७,४४७ लोकांच्या चाचणीत ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा यांच्या जोडीने हा आहार घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. तिचा पहिला निबंध २०१३चा. लोकांचे गट पाडण्यात काही ठिकाणी चूक झाल्याचं लक्षात आल्यावर तो मागे घेऊन २०१८ मध्ये नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला गेला, आणि निष्कर्ष जवळपास तोच राहिला. स्पेनमधल्याच कोर्दोबा शहरात हृदयरुग्णांवर सात वर्षं चाललेल्या चाचणीतही कमी चरबीच्या आहारापेक्षा हा आहार सरस ठरला; तिचे निकाल २०२२ मध्ये आले.

इकारिया या ग्रीक बेटाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथले लोक नव्वदी-शंभरी सहज गाठतात, असे लेख आणि चित्रफिती खूप फिरतात. अशा ठिकाणच्या वयांच्या नोंदी कितपत विश्वासार्ह आहेत, यावर आता गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत. माझं मत असं, की शतायुषींच्या गोष्टी बाजूला ठेवाव्यात. इकारियाचं जेवण चांगलंच आहे, पण ते चांगलं ठरवायला शंभर वर्षांच्या आजोबांची गरज नाही. चाचण्यांतून मिळालेला पुरावा पुरेसा आहे, आणि तो प्रामाणिक आहे.

तर ताटात काय होतं? १९६०च्या सुमाराला क्रीटचा पुरुष दिवसाला सरासरी ३८० ग्रॅम पाव, ४६० ग्रॅमच्या आसपास फळं, १९० ग्रॅम भाज्या, तेवढेच बटाटे आणि ३० ग्रॅम कोरडी कडधान्यं खात होता. मांस दिवसाला ३५ ग्रॅम, म्हणजे आठवड्याचं पाव किलो. मासे तर २० ग्रॅमही नाहीत. बेटावरचे लोक रोज मासे खातात ही आपली कल्पनाच. आणि तेल सुमारे ९५ ग्रॅम! या शेवटच्या आकड्याकडे पुढे येऊच. आधी त्या भाज्यांबद्दल सांगायला हवं, कारण या साऱ्या आहाराचा जीव मला तिथे दिसतो.

पालेभाजीचं मोठं ताट

ग्रीक लोक रानातल्या आणि बांधावरच्या पालेभाज्यांना ‘होर्ता’ म्हणतात. हिवाळ्यात पाऊस पडला की बेटांवरच्या बायका सुरी आणि पिशवी घेऊन माळरानावर जातात. कडवट चिकोरी, रानमुळ्याची पानं, कोवळी बडीशेप, क्रीटच्या किनाऱ्यावर आणि डोंगरावर उगवणारी काटेरी ‘स्तामनागाथी’, अशा कितीतरी भाज्या त्यांना नावानिशी माहीत असतात. उन्हाळ्यात ‘व्लिता’ आणि ‘ग्लिस्त्रिदा’ मिळतात. यातली व्लिता म्हणजे आपल्या माठाच्या कुळातली भाजी, आणि ग्लिस्त्रिदा म्हणजे थेट आपली घोळ.

घोळीची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. वनस्पतींत मिळणारं ओमेगा-३ स्निग्धाम्ल हिरव्या पालेभाज्यांपैकी घोळीत फार चांगल्या प्रमाणात असतं, हे आर्तेमिस सिमोपोलोस या ग्रीक वंशाच्या शास्त्रज्ञ बाईंनी १९८६ मध्ये दाखवून दिलं. लियाँच्या चाचणीची आखणी करणाऱ्यांनीही याच स्निग्धाम्लावर भर दिला होता, कारण क्रीटच्या लोकांच्या रक्तात ते भरपूर आढळत होतं आणि त्याचा उगम घोळ आणि अक्रोड यांत असावा असा त्यांचा कयास होता. आपल्याकडे घोळ स्वस्तात मिळते, शेतात तण म्हणून उपटून टाकली जाते, आणि शहरातल्या नव्या पिढीला ती ओळखूही येत नाही. मला याचं वाईट वाटतं. याच ओमेगा-३ साठी आपल्याकडे दुसरी उत्तम सोय आहे ती जवसाची. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग हेच स्निग्धाम्ल असतं. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघर होते. ती रोज चमचा-दोन चमचे खावी. जवस भाजून कुटूनच खावेत, अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात.

होर्ता करायची पद्धत इतकी साधी आहे की तिला कृती म्हणणंही जड वाटतं. मोठ्या पातेल्यात पाणी उकळा. निवडून धुतलेला माठ, राजगिऱ्याची कोवळी पानं किंवा चवळई देठांसकट त्यात टाका. देठ मऊ होईपर्यंत, पाच ते आठ मिनिटं, झाकण न ठेवता शिजवा. चाळणीत निथळून घ्या, बशीत पसरा, चिमूटभर मीठ, माणशी दोन चहाचे चमचे चांगलं तेल, आणि वरून अर्धं लिंबू पिळा. कोमट किंवा गार खा. मोहरी, हिंग, लसणीची फोडणी हवीशी वाटली तर जरूर द्या, त्याने काही बिघडत नाही. यात तेल आणि लिंबू यांचं काम चवीपुरतं नाही. पानांतली कॅरोटिन द्रव्यं आणि क जीवनसत्त्वाखेरीजची काही जीवनसत्त्वं स्निग्धात विरघळतात, म्हणून थोडं तेल असल्याशिवाय ती नीट शोषली जात नाहीत. आणि वनस्पतींतलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. घोळीची मात्र कच्ची कोशिंबीर करा: चिरलेली घोळ, काकडी, टोमॅटो, कांदा, दही किंवा लिंबू.

कृतीपेक्षा प्रमाण महत्त्वाचं. ग्रीक घरात होर्ता ही एका माणसाला एक भरलेली बशी असते. आपल्याकडे पालेभाजी ताटाच्या उजव्या बाजूला दोन घासांपुरती वाढली जाते. चौघांच्या घरात एक जुडी पुरते. ती जुडी एका माणसाची आहे असं धरून चाला. दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बटाटे त्यात धरत नाही. घरातल्या तराजूवर एकदा मोजून पाहा. बहुतेकांचा आकडा त्याहून कमीच भरतो. पावसाळ्यात अनेक जिल्ह्यांत कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे जाऊन टाकळा, कुर्डू, फोडशी, शेवळं ओळखायला शिका आणि करण्याची रीत विकणाऱ्या बाईंनाच विचारा. काही रानभाज्या नीट न शिजवल्यास घशाला खाजतात, त्यामुळे अंदाजाने तोडून आणू नयेत.

फळभाज्यांचीही ग्रीक रीत वेगळी आहे. भेंडी, फरसबी, वांगी, दुधीसारख्या भाज्या ते कांदा-टोमॅटो आणि तेल घालून मंद आचेवर बराच वेळ शिजवतात आणि तेच मुख्य जेवण म्हणून खातात, सोबत पावाचा तुकडा. इकारियाचं ‘सुफिको’ याच जातीचं. वांगी, झुकिनी किंवा कोवळा दुधी, भोपळी मिरची, कांदा, टोमॅटो यांच्या जाड फोडी पसरट भांड्यात थरांनी लावायच्या, चौघांसाठी तीन मोठे चमचे तेल, मीठ, लसूण घालायचं, झाकण ठेवून पाणी न घालता अगदी मंद आचेवर पाऊण तास ठेवायचं. ढवळायचं नाही, भांडंच अधूनमधून हलवायचं. हे दोन भाकऱ्यांबरोबर भरपूर खाल्लं तर वेगळ्या आमटीची गरज वाटत नाही.

शनिवार रात्रीचे चणे

सिफ्नोस हे लहानसं बेट त्याच्या कुंभारकामासाठी आणि ‘रेविथादा’ या पदार्थासाठी ओळखलं जातं. शनिवारी संध्याकाळी मातीच्या झाकणाच्या भांड्यात भिजवलेले काबुली चणे, कांदा, तमालपत्र, ऑलिव्ह तेल आणि पाणी भरून ते भांडं गावच्या लाकडाच्या भट्टीत ठेवायचं. रात्रभर निव्वळ उतरत्या धगीवर चणे शिजतात आणि रविवारी चर्चमधून परतताना लोक आपापलं भांडं घरी नेतात. रविवारचं मुख्य जेवण तेच. लिंबू पिळायचं आणि खायचं.

आपल्याकडे हे सहज होतं. पाव किलो काबुली चणे रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या. कुकरमध्ये दोन मोठे कांदे उभे चिरून, दोन तमालपत्रं, तीन मोठे चमचे तेल आणि चणे बुडून बोटभर वर येईल इतकं पाणी घाला. एका शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून अर्धा तास ठेवा. मीठ, मिरपूड, लिंबू शेवटी. मसाला नाही, खोबरं नाही. तरी चव दाट येते, कारण कांदा पूर्ण विरघळलेला असतो. चार जणांना हे पुरतं, एखादी भाकरी आणि कांदा-काकडीसोबत.

सांतोरिनीला वाटलेल्या पिवळ्या डाळीचा घट्ट ‘फावा’ होतो, वर कच्चा कांदा, तेल, लिंबू. अख्ख्या मसुराचं ‘फाकेस’ घरोघर आठवड्यातून एकदा शिजतं आणि त्यात वाढताना चमचाभर व्हिनेगर घालतात. चवळी तर तिथेही आहे, हीच काळ्या डोळ्याची. उकडून, कांदा आणि हिरव्या पाल्यासोबत, तेल-लिंबू घालून गार खातात. म्हणजे जिन्नस आपल्याला नवे नाहीत. फरक पुन्हा प्रमाणाचा आहे. आपलं पातळ वरण भाताला ओलावा देण्यापुरतं असतं. तिथे कडधान्य हेच जेवण असतं आणि धान्य त्याला जोड. आठवड्यातून तीन दिवस तरी मटकी, चवळी, मसूर, हरभरा, वाल यांपैकी एकाची उसळ मोठी वाटी भरून घ्या आणि त्या दिवशी भात किंवा पोळी निम्मी करा. पोटाला सवय नसेल तर अर्ध्या वाटीपासून सुरू करा. भिजवलेलं पाणी ओतून देणं आणि नीट मऊ शिजवणं याने वाताचा त्रास बराच कमी होतो.

धान्याबद्दल थोडक्यात. क्रीटमध्ये जवाचा, म्हणजे सातूचा, दोनदा भाजलेला कडक पाव वापरतात. त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि तेल घातलं की ‘दाकोस’ तयार होतो. जवात बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू असतो, जो रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर कोलेस्टेरॉल काहीसं उतरतं. ज्वारी-बाजरीची भाकरी खाणाऱ्यांना परदेशी ब्राऊन ब्रेड शोधण्याचं कारण नाही. भातात किंवा आमटीत मूठभर जव शिजवता येतो, आणि जवाच्या पिठाचा हिस्सा थालीपिठाच्या भाजणीत वाढवता येतो.

तेलाचा प्रश्न

आता ते ९५ ग्रॅम. रोज इतकं तेल म्हणजे साडेआठशे कॅलरी झाल्या. डोंगरात कुदळ चालवणाऱ्या माणसाला त्या पचत होत्या. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने क्रीटकडून तेलाचं प्रमाण घेऊ नये. याला क्रीटच साक्षी आहे: क्रीट विद्यापीठाच्या अँथनी काफातोस यांनी तिथल्या शेतकऱ्यांची तीस वर्षांनंतर पुन्हा तपासणी केली तेव्हा वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले होते. मांस आणि चीज वाढलं, अंगमेहनत कमी झाली. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर, सगळी तेलं आणि तूप मिळून, ही मर्यादा बैठ्या कामाच्या माणसाने पाळावी असं मी सुचवेन.

तेल कोणतं? स्पेनमधल्या दोन्ही चाचण्यांत वापरलं ते एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल. त्यातलं ओलेइक आम्ल आणि फळातून थेट उतरलेली पॉलिफेनॉल द्रव्यं ही दोन्ही त्याची जमेची बाजू. चांगल्या तेलाने घशाशी किंचित झणका लागतो; तो दोष नाही, त्या द्रव्यांची खूण आहे. विकत घेताना गडद काचेची बाटली किंवा पत्र्याचा डबा पाहा, तेल केव्हा काढलं ती तारीख पाहा, लहान बाटली घ्या आणि उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. शेगडीशेजारी ठेवू नका, उजेड आणि उष्णता दोन्ही त्याला मारक. ‘पोमेस’ लिहिलेलं तेल म्हणजे फळाच्या चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध केलेलं. ‘लाइट’मध्ये कॅलरी कमी नसतात, रंग आणि वास कमी असतो. या दोन्हींवर जादा पैसे घालवू नयेत.

हे परवडत नसेल तर अपराधी वाटण्याचं काहीच कारण नाही. शेंगदाणा तेलातही निम्म्याच्या आसपास ओलेइक आम्ल असतं, पॉलिफेनॉलचा लाभ मात्र नाही. प्रेडिमेडच्या एका गटाला तेलाऐवजी रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला होता: निम्मे अक्रोड, बाकी बदाम आणि हेझलनट. त्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. म्हणजे रोज तीन-चार अक्रोड आणि बारा-तेरा बदाम, खारवलेले किंवा तळलेले नकोत. माझा आग्रह एवढाच, की नवं तेल जुन्याच्या जागी आलं पाहिजे. वनस्पती तूप, पामतेलातली बिस्किटं-फरसाण, वारंवार तापवलेलं तळणाचं तेल हे घरात तसंच राहिलं आणि वर सॅलडवर चमचाभर ऑलिव्ह तेल आलं, तर फक्त खर्च आणि वजन वाढेल.

उपासाचे दिवस

क्रीटच्या आहाराबद्दल लिहिताना बरेच जण एक मोठी गोष्ट विसरतात. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास. ईस्टरआधीचे सात आठवडे, नाताळाआधीचे चाळीस दिवस, ऑगस्टचे पहिले १४ दिवस, वर्षभरातले बहुतेक बुधवार आणि शुक्रवार असे सारे धरले तर कडक पाळणाऱ्याचे वर्षातले १८० हून जास्त दिवस उपासाचे होतात. त्या दिवसांत मांस, दूध, चीज, अंडी वर्ज्य. बहुतेक दिवस मासेही नाहीत, काही दिवस तेलही नाही. मग उरतं काय? कडधान्यं, होर्ता, ऑलिव्ह, तीळ, फळं, पाव. क्रीटमध्येच १२० जणांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात उपास पाळणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल उपासाच्या काळात ठळकपणे उतरलेलं दिसलं. म्हणजे ज्याला आपण क्रीटचा आहार म्हणतो त्याचा निम्मा भाग या व्रतांनी घडवला आहे.

आपल्याकडेही उपासांची कमी नाही. पण आपल्या उपासाला नेमकी कडधान्यं आणि बऱ्याच पालेभाज्या चालत नाहीत, आणि त्यांची जागा साबुदाणा, बटाटा, तळलेले वेफर्स आणि तूप-साखरेने घेतली आहे. श्रद्धेत ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. ज्यांना मधुमेह किंवा वाढलेलं वजन आहे त्यांनी उपासाच्या चौकटीत राहूनच बदल करावा: साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी किंवा भगर, सोबत दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं फळ. आणि ज्या घरांत चातुर्मासात किंवा श्रावणात मांसाहार बंद असतो, त्यांनी ते दिवस कडधान्य आणि रानभाज्यांनी भरावेत. हा मोसम त्यांचाच असतो.

मासे खाणाऱ्यांनी पापलेट-सुरमईमागे धावण्यापेक्षा बांगडा, तारली, पेडवे असे लहान तेलकट मासे आठवड्यातून दोनदा खावेत, रव्यात तळण्याऐवजी आमटीत किंवा तव्यावर. कोकण-गोव्याच्या लोकांना हे वेगळं शिकवायला नको. मटण सणाला, इकारियातही बोकड गावच्या ‘पानियिरी’ला, म्हणजे जत्रेला शिजतो. गोड म्हणून रोज फळ, मिठाई सणापुरती.

वाइनबद्दल स्पष्ट सांगतो: बेटांवर जेवणाबरोबर वाइन घेतात हे खरं, पण जो पीत नाही त्याने हृदयाच्या नावाखाली ती सुरू करू नये. दारूची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

काही जणांनी जपून पावलं टाकावीत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू नयेत. त्यांतल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम बदलतो, म्हणून डॉक्टरांना सांगून, रोज साधारण सारख्या प्रमाणात खाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पालेभाज्या, टोमॅटो, कडधान्यं यांतलं पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी घोळ आणि माठ बेताने खावा, त्यांत ऑक्झलेट जास्त असतं. रक्तदाब असलेल्यांनी बरणीतले ऑलिव्ह आणि फेटा चीज टाळलेलं बरं, ती दोन्ही मिठात मुरलेली असतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल आणि भात-पोळी निम्म्यावर आणणार असाल, तर साखर खाली जाऊ शकते; ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

एकदम सगळं बदलू नका. पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी करा: रोज माणशी एक मोठी बशी भाजी, आणि आठवड्यातून तीन वेळा उसळ हेच मुख्य जेवण. तेल, सुकामेवा, उपासाचे पदार्थ हे त्यानंतर. सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल आणि एचबीए१सी तपासून घ्या, वजन आणि कमरेचा घेर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी याच तपासण्या पुन्हा करा आणि दोन्ही अहवाल घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा. तोवर चालू असलेली कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.